बर्फाळ घाटांतील पिकअप व चाकांच्या सांखळ्या

हिंवाळा आला म्हणजे आपल्याकडील शेतकऱ्यास काळजी पडते ती गव्हावरील तांबेऱ्याची, द्राक्षावरील भुरीची, किंवा ढगाळ हवेंत हरभऱ्यावर पडणाऱ्या घाटे अळीची. रस्ता बंद होईल ही काळजी आपणांकडे पावसाळ्याची. हिंवाळ्यांत ती कोणास शिवत नाहीं. महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे दंव गोठून गवतावर पांढरा थर बसतो व त्याचें छायाचित्र वर्तमानपत्रांत येतें, एवढाच काय तो आपला व हिमाचा संबंध. अशा मुलखांतील मासिकांत बर्फावर चालणाऱ्या मोटारीच्या चाकांस लावावयाच्या सांखळ्यांविषयीं लेख कां, असें वाचक सहजच विचारतील.

याचीं कारणें दोन आहेत. पहिलें असें कीं, आपल्यापैकीं बरेच लोक अलीकडे सफरचंदाच्या बागा पाहण्यासाठीं, यात्रेसाठीं किंवा मुलाबाळांच्या हौसेखातर ऐन थंडींत हिमालयाच्या बाजूस जाऊं लागले आहेत. कांहीं जण तर स्वतःची गाडी घेऊन जातात. दुसरें कारण आमच्या अंगावरून गेलें आहे. जें साधन पुरतें पारखून घेतलें नाहीं, तें नसण्यापेक्षां अधिक घातक होतें, हा धडा आम्हांस जिवावर बेततां बेततां मिळाला. तो बर्फापुरताच खरा नाहीं, म्हणून तो येथें नमूद करून ठेवीत आहों.

प्रसंग

गेल्या जानेवारी महिन्यांत आम्ही व संस्थेचे दोन सभासद हिमाचल प्रदेशांतील शिमला जिल्ह्यांत गेलों होतों. या दोघांनीं आपल्या रानांत कमी थंडीवर येणाऱ्या हरिमन-९९ या जातीचीं थोडीं झाडें लावून पाहिलीं आहेत, व सफरचंदाची छाटणी कशी करतात हें त्यांस प्रत्यक्ष पहावयाचें होतें. आमचे यजमान कोटगढ भागांतील जुने बागवान. याच भागांत सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनीं, ज्यांस पुढें सत्यानंद स्टोक्स या नांवानें लोक ओळखूं लागले, सुमारें १९१६ सालीं रेड डेलिशस जातीचीं झाडें आणून लावलीं, व त्या एका पिकानें तेथील डोंगरी शेतीचें रूप पालटलें.

सफरचंदाच्या झाडास हिंवाळ्यांत विश्रांति लागते. सुमारें सात अंश सेल्सिअसखालील थंडी त्यास पुष्कळ तास मिळाली तरच वसंतांत डोळे नीट फुटतात. डेलिशससारख्या जुन्या जातींस ती हजार तास किंवा त्याहूनही अधिक लागते. म्हणून बर्फ पडलें म्हणजे तेथील शेतकरी खूष असतो. परंतु छाटणी, आळीं करणें, शेणखत पोंचविणें व नवीं कलमें लावणें हीं कामेंही याच दिवसांतलीं. ज्या थंडीवर बाग पोसते, तीच थंडी बागेचा रस्ता अडविते. आपल्याकडे बैलगाडीचें जें स्थान होतें, तें तेथें आज पिकअपचें आहे. भाद्रपदांत तीच फळांच्या पेट्या नेते व पौषांत तीच खत व कलमें वाहते.

आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशीं यजमानांचा धाकटा मुलगा, बाविसेक वर्षांचा, नारकंड्याच्या पलीकडील एका रोपवाटिकेंतून दोनशें कलमें आणावयास निघाला. आमच्यापैकीं एक सभासद व आम्ही त्याच्याबरोबर गाडींत बसलों. सकाळीं आभाळ निरभ्र होतें. दुपारीं एकाएकीं भुरभुर सुरू झाली व परत फिरेपर्यंत रस्ता पांढरा झाला. घरची सांखळी शेजाऱ्याकडे गेलेली होती. वाटेंतील एका गांवीं मुलानें गाडी थांबविली व एका दुकानांतून सांखळ्यांची जोडी विकत घेतली. दुकानदारानें चाकाकडे दृष्टि टाकली नाहीं व मुलानें त्यास टायराचा अंक सांगितला नाहीं. “सब में आ जाएगी,” एवढेंच तो म्हणाला.

आम्ही महसूल खात्यांत पस्तीस वर्षें कारकुनी केली. सात-बाराच्या उताऱ्यांतील एक गुंठ्याचा फरक आमच्या नजरेंतून सुटत नसे. परंतु त्या दिवशीं टायरावर छापलेला अंक व सांखळीच्या पिशवीवरील अंक ताडून पहावे, हें आम्हांस सुचलें नाहीं. हा दोष आम्ही दुकानदारावर किंवा त्या मुलावर ढकलूं इच्छीत नाहीं. वयानें वडील आम्ही होतों.

नारकंडें समुद्रसपाटीपासून सुमारें २७०० मीटर उंचीवर आहे. तेथून कोटगढकडील रस्ता उतरता व वळणावळणाचा. उतारास लागल्यावर मागचीं चाकें घसरूं लागलीं, तेव्हां कोठें सांखळ्या बाहेर काढल्या. म्हणजे जें काम सपाटीवर व उजेडांत करावयाचें, तें उतारावर, अंधार पडतांना, मोबाईलच्या उजेडांत केलें. सांखळी मोठ्या टायराची निघाली. चाकाभोवतीं आवळून घेतल्यावर दोन्ही बाजूंस पांच-पांच कड्या शिल्लक राहिल्या. तीं लोंबतीं टोकें आम्हींच कलमांच्या जुडग्याच्या सुतळीनें बांधून दिलीं, व काम झालें असें मानून गाडींत बसलों.

सुमारें चार किलोमीटर गाडी नीट चालली. चाकाखालून एक टप्‌टप्‌ आवाज येत होता. सांखळीचा आवाज असाच असावयाचा, असें आम्हीं समजलों. मग तो आवाज वाढला, मडगार्डावर घणाचा घाव बसावा तसा एक दणका बसला, आणि पुढील वळणावर मुलानें ब्रेक दाबला तो पाय खालपर्यंत गेला. सुतळी झिजून तुटली होती. सुटलेल्या टोकानें चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास आंतल्या बाजूस मार देऊन मागील ब्रेकची नळी तोडली होती. पुढच्या चाकांचा ब्रेक थोडाफार लागत होता, परंतु त्यांवर सांखळी नसल्यामुळें तीं लोळण घेतल्यासारखीं घसरत होतीं. सुदैवानें त्या वळणावर डोंगर डाव्या हातास होता. मुलानें गडबड न करितां पहिला गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला व डावीं चाकें डोंगराकडील गटारांत घातलीं. गाडी अंग घाशीत दहा-बारा पावलांवर थांबली. त्यापुढील वळणावर दरी डाव्या हातास येत होती. आम्हीं तें वळण दुसऱ्या दिवशीं उन्हांत पाहिलें. त्याविषयीं अधिक लिहीत नाहीं.

अर्ध्या तासानें यजमान व त्यांचे शेजारी दुसरी पिकअप घेऊन आले. थंडीनें उघडीं मुळें गोठूं नयेत म्हणून सर्वांनीं आधीं कलमांच्या जुड्या ओल्या गोणपाटासकट त्या गाडींत चढविल्या. यजमान मुलास एक शब्दही बोलले नाहींत. आम्हांस मात्र म्हणाले, “बाबूजी, कलमें पुन्हां विकत मिळतात.” दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं ती नवी सांखळी व घरची जुनी सांखळी अंगणांत शेजारीं शेजारीं पसरून ठेवल्या, व आम्हां तिघांस समोर बसवून सर्व प्रकरण पहिल्यापासून समजावून दिलें. पुढील माहिती बहुतेक त्याच धड्यावरून व नंतर आम्हीं ठिकठिकाणीं पडताळून पाहिलेल्या गोष्टींवरून दिली आहे.

सांखळीचें काम काय

टायराचें रबर सुक्या डांबरावर धरून चालतें, कारण तें रस्त्याच्या खरखरीत अंगांत थोडें रुततें. बर्फावर असें रुतावयास कांहीं नसतें. त्यांतून शून्य अंशाच्या आसपास बर्फाच्या अंगावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, त्यामुळें कडक थंडींतील बर्फापेक्षां असें अर्धवट वितळतें बर्फ अधिक निसरडें असतें. दिवसा वितळून रात्रीं पुन्हां गोठलेला कांचेसारखा थर तर सर्वांत वाईट. तो काळ्या रस्त्यावर काळाच दिसतो, व डोंगराच्या सावलींतील वळणांवर दुपारपर्यंत तसाच राहतो.

सांखळी गाडीचा भार थोड्याशा पोलादी कडांवर एकवटते. खुरप्याचें पातें जमिनींत जातें पण हाताचा तळवा जात नाहीं, तसाच हा प्रकार. भुसभुशीत बर्फांत आडव्या सांखळ्या वल्ह्याप्रमाणें रेटा देतात व कठीण बर्फावर त्यांच्या कडा चावतात. अमेरिकेंत मोटारी नवीन असतांना लोक चिखलांत व बर्फांत चाकांभोवतीं दोर गुंडाळीत. त्यावरून न्यूयॉर्क संस्थानांतील हॅरी वीड यांनीं सांखळीची युक्ति काढली व १९०४ सालीं तिचें पेटंट घेतलें. आजच्या सांखळ्यांचें तत्त्व तेंच आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चारही चाकांस इंजिनाचा जोर मिळणारी गाडी असली म्हणजे सांखळीची गरज नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. चार चाकांचा जोर गाडी पुढें नेण्यास उपयोगी पडतो. थांबण्यास त्याचा उपयोग नाहीं. घाटांत जीव जातो तो बहुधा चढतां न आल्यामुळें नव्हे, थांबतां न आल्यामुळें जातो.

निवड कशी करावी

प्रथम टायराच्या कुशीवरील अंक वाचावा. उदाहरणार्थ, २१५/७५ आर १५ असें लिहिलेलें असेल, तर २१५ ही टायराची रुंदी मिलिमीटरांत. ७५ म्हणजे टायराची उंची रुंदीच्या शेंकडा ७५. आर म्हणजे रेडिअल बांधणी. आणि १५ हा आंतील लोखंडी चक्राचा व्यास इंचांत. या तिन्ही संख्या सांखळीच्या पिशवीवरील कोष्टकांत असल्या तरच ती आपल्या गाडीची सांखळी. नुसता १५ जुळला म्हणून घेऊं नये. आमचें तेथेंच चुकलें. एकाच कंपनीच्या एकाच नांवाच्या पिकअपवर निरनिराळ्या मापांचे टायर येतात, व जुनी गाडी घेतलेली असल्यास आधींच्या मालकानें टायर बदललेले असूं शकतात. म्हणून गाडीच्या नांवावर न जातां चाकावरचा अंक स्वतः वाकून वाचावा.

दुसरी गोष्ट जागेची. टायर व मडगार्ड, टायर व पाट्याची स्प्रिंग, टायर व ब्रेकची नळी यांमध्यें सांखळी फिरण्याइतकी मोकळीक आहे कीं नाहीं, हें पहावें. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत सांखळीविषयीं सूचना असते. एखाद्या चाकास सांखळी लावूं नये असें तेथें म्हटलें असल्यास तें मोडूं नये. मालानें भरलेली गाडी खालीं बसते व मोकळीक कमी होते, हेंही ध्यानांत घ्यावें.

तिसरी गोष्ट बांधणीची. साधी सांखळी शिडीसारखी असते: दोन्ही बाजूंस दोन लांब सांखळ्या व त्यांमध्यें ठराविक अंतरावर आडव्या सांखळ्या. ती मजबूत, दुरुस्तीस सोपी, व सरळ चढउतारावर उत्तम धरणारी. तिचा दोष असा कीं दोन आडव्या सांखळ्यांच्या मध्यें रबर उघडें राहतें व कुशीकडे घसरण्यास अटकाव कमी होतो. दुसरी चौकटीची, म्हणजे जाळ्यासारखी तिरपी विणलेली. हिची एखादी तरी कडी नेहमीं रस्त्यास लागलेली असते, म्हणून ती वळणांवर अधिक भरंवशाची व चालीस कमी खडबडीत. तिला मोल अधिक पडतें. आमच्या यजमानांचें मत असें कीं, पुढच्या चाकांस लावावयाची तर जाळ्याची लावावी व मागच्यांस शिडीची चालते.

याखेरीज तारेच्या दोरीच्या हलक्या सांखळ्या, कापडी मोजे व प्लॅस्टिकचे पट्टेही बाजारांत मिळतात. तारेच्या सांखळ्या जागा कमी असलेल्या लहान गाड्यांस बऱ्या. कापडी मोजा चढविण्यास सोपा, परंतु उघड्या डांबरावर लवकर फाटतो. पट्ट्यांचा उपयोग रुतलेली गाडी बाहेर काढण्यापुरता समजावा. माल भरलेल्या पिकअपनें घाट उतरावयाचा असेल तर पोलादी कड्यांच्या सांखळीवांचून निघूं नये.

एकाच प्रवासापुरतें काम असेल तर मनालीसारख्या ठिकाणीं सांखळ्या भाड्यानेंही मिळतात. बर्फ पडल्यावर तेथील पोलीस पुढील रस्त्यावर बहुधा फोर-बाय-फोर किंवा सांखळी लावलेल्या गाड्यांसच जाऊं देतात. २०२० सालीं अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांग खिंड चढावी लागत नाहीं हें खरें. तरी बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता उघड्यावरच आहे व त्यावर बर्फ पडतेंच. भाड्याची सांखळी घेतांना प्रत्येक कडी हातांतून फिरवून पहावी. जी कडी झिजून निम्मी झाली आहे, ती त्या दिवशींच तुटेल असें समजून चालावें.

कोणत्या चाकांस लावावी

इंजिनाचा जोर ज्या चाकांस मिळतो त्यांस सांखळी आधीं पाहिजे. आपल्याकडील बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालतात, म्हणून एकच जोडी असेल तर ती मागें लावावी. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीस ती पुढें लावावी. मोठ्या मालमोटारीस मागें जोडचाकें असतात. तेथें निदान बाहेरच्या चाकांस तरी लावतात. एका अंगास सांखळी व दुसरें अंग मोकळें, असें कधींही करूं नये.

मागें सांखळी असून पुढें नसेल तर गाडी जोरानें पुढें रेटली जाते, परंतु तिचें नाक वळत नाहीं. आणि ब्रेक मारतांना मोठा भार पुढच्या चाकांवर येत असल्यामुळें उतारावर तींच घसरतात. म्हणून पुढें मोकळीक असेल व सोय असेल तर चारही चाकांस सांखळ्या लावणें हेंच उत्तम. तसें न जमल्यास वेग इतका कमी ठेवावा कीं वळणावर ब्रेक मारण्याची पाळीच येऊं नये.

रिकाम्या पिकअपची मागची बाजू हलकी असते व भार नसला म्हणजे सांखळीही चावत नाहीं. यासाठीं वाळूचीं चार-पांच पोतीं मागील आंसाच्या वर किंवा किंचित्‌ पुढें ठेवून दोरानें घट्ट बांधावीं. आंसाच्या फार मागें ठेवल्यास गाडीचें तोंड हलकें होऊन स्टिअरिंग ऐकत नाहीं. बैलगाडी उलार झाली म्हणजे काय होतें हें ज्यास ठाऊक आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको. शिवाय अडचण पडल्यास तीच वाळू चाकाखालीं पसरण्यास उपयोगी पडते.

चढविण्याची कृति

सांखळी विकत घेतल्यावर पहिलें काम म्हणजे घरच्या अंगणांत, सुक्या दिवशीं, ती दोनदां चढवून व उतरवून पाहणें. हें ज्यानें केलें नाहीं त्यास बर्फांत, गोठलेल्या बोटांनीं, तें येणार नाहीं.

रस्त्यावर असतां उतार किंवा चढ लागण्यापूर्वींच, सपाट व रहदारीपासून दूर अशा जागीं थांबावें. इशाऱ्याचे दिवे लावावे, हँडब्रेक ओढावा व ज्या चाकांवर काम नाहीं त्यांस पुढून-मागून दगडाची अटकण द्यावी. सांखळी जमिनीवर पसरून तिचा प्रत्येक पीळ काढावा. आडव्या सांखळ्यांच्या आंकड्यांचीं उघडीं तोंडें बाहेर, म्हणजे रबरापासून दूर, राहतील अशी ती धरावी; तोंडें आंत राहिल्यास टायर चिरतो.

मग सांखळी टायराच्या माथ्यावरून सारखी सोडावी, पुढचें टोक चाकापुढें जमिनीवर नीट पसरून ठेवावें, अटकण काढून गाडी अर्धा-एक हात पुढें घ्यावी व पुन्हां सर्व बंदोबस्त करावा. गाडी हलतांना कोणीही चाकाजवळ हात ठेवूं नये. आतां दोन्ही टोकें हातास येतात. प्रथम आंतल्या बाजूचा आंकडा शक्य तितक्या ताणून अडकवावा, नंतर बाहेरचा. दोन्ही बाजूंस मोकळ्या राहिलेल्या कड्यांची संख्या सारखी असावी. नसल्यास सांखळी तिरपी बसली आहे असें समजून पुन्हां करावी. शेवटीं बाहेरून ताण देणारी रबरी दोरी किंवा किल्लीचा ताण असेल तो लावावा. सांखळी बसावी म्हणून टायरांतील हवा सोडण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. ती चुकीची आहे.

उरलेलें टोक लोंबतें ठेवूं नये. एक-दोन कड्या उरल्यास त्या बाजूच्या सांखळीस लोखंडी तारेनें घट्ट बांधाव्या. चार-पांच उरत असल्या तर ती सांखळी आपल्या चाकाची नव्हे, हें समजून परत करावी. सुतळीनें काम भागविण्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

गाडी सुमारें शंभर मीटर चालवून थांबावें व पुन्हां ताणावें. पहिल्या फेऱ्यांत सांखळी आपली जागा घेते व हमखास ढिली पडते. एक किलोमीटरावर पुन्हां उतरून पहावें, व त्यानंतर प्रत्येक थांब्यास हात लावून पहावें.

चालविण्याचे नियम

सांखळ्यांवर ताशीं ५० किलोमीटरांहून अधिक वेग सामान्यतः कोणत्याही कारखान्यास मान्य नसतो. पिशवीवर याहून कमी मर्यादा दिलेली असेल तर तीच पाळावी. घाटांत वीस-पंचवीसही पुष्कळ. उतारावर आरंभींच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर उतरावें, क्लच दाबून गाडी मोकळी सोडूं नये. स्टिअरिंग, ब्रेक व ॲक्सिलरेटर हीं तिन्ही झटक्यानें वापरूं नयेत. पुढील गाडीपासून नेहमींच्या कितीतरी पट अंतर ठेवावें. चाक जागच्या जागीं फिरूं लागल्यास ताबडतोब पाय काढावा. फिरतें चाक आपल्याच खड्ड्यांत उतरतें व सांखळीही तोडतें.

कान उघडे ठेवावे. सर्व सांखळी ठीक असली म्हणजे आवाज एकसारखा खळखळाटाचा येतो. त्यांतून चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास एकदां टप्‌ असा निराळा ठोका ऐकूं आला, तर एखादें टोक सुटलें आहे असें समजून त्याच क्षणीं गाडी थांबवावी. हा ठोका आम्हीं चार किलोमीटर ऐकला व त्याचा अर्थ आम्हांस कळला नाहीं.

बर्फ संपून डांबर उघडें लागलें कीं सांखळी काढावी. उघड्या रस्त्यावर ती स्वतः झिजते, टायर व रस्ता खराब करते, आणि गाडीही नीट थांबत नाहीं. गाडींत सुटे जोड, लोखंडी तार, पक्कड, हातमोजे, विजेरी, खालीं अंथरण्यास ताडपत्रीचा तुकडा व एक फावडें ठेवावें.

निगा

घरीं आल्यावर सांखळी साध्या पाण्यानें धुवावी. बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यावर मीठ टाकलेलें असल्यास तें लोखंड खातें. उन्हांत वाळवून, तेलाचा हात फिरवून, खुंटीस टांगून ठेवावी. पिशवींत ओली कोंबून ठेवूं नये. आपण औताची फाळ पावसाळा संपतां जशी पुसून ठेवतों, तसेंच हें. पिशवीवर गाडीचा क्रमांक व टायराचा अंक रंगानें लिहावा, म्हणजे शेजाऱ्यानें नेली तरी ती भलत्या चाकास चढणार नाहीं.

आपल्या चिखलाविषयीं

कांहीं वाचक म्हणतील, हीच सांखळी आपल्या पावसाळी रस्त्यांवर चालेल काय? मुरमाच्या किंवा वर चिखल व खालीं कठीण तळ असलेल्या वाटेवर ती उपयोगी पडते. परंतु खोल काळ्या रानांत तळ सांपडत नाहीं. तेथें चाक फिरविल्यास सांखळी तें अधिक खोल नेते. उसाच्या फडांत रुतलेल्या वाहनाखालीं पाचट घालून, भार उतरवून, ट्रॅक्टरनें सरळ रेषेंत ओढणें हाच तेथें शहाणपणाचा मार्ग. भाताच्या चिखलणीसाठीं ट्रॅक्टरास लावतात तीं लोखंडी पिंजऱ्याचीं चाकें हें निराळें साधन आहे व तें रस्त्यासाठीं नाहीं.

मे महिन्यांत यजमानांचा फोन आला. दोनशें कलमांपैकीं सात सोडून सर्व फुटलीं. मुलानें गाडीची ब्रेकची नळी बदलून घेतली असून, सांखळीच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत टायराचा अंक लिहिला आहे, असेंही त्यांनीं सांगितलें. मराठींत आंकडा म्हणजे संख्या व आंकडा म्हणजे अडकविण्याची कडी, हे दोन्ही अर्थ आहेत. आम्हीं आयुष्यभर पहिला सांभाळला व त्या संध्याकाळीं दोन्ही चुकविले. औषधाची मात्रा, पंपाचा दाब, दोराची जाडी, बियाण्याच्या पिशवीवरील तारीख, यांपैकीं कोणताही अंक लहान अक्षरांत छापला आहे म्हणून तो लहान नव्हे. शेतकरी बंधूंनीं नवें साधन घरांत घेण्यापूर्वीं त्यावरील अंक स्वतः वाचावा, जेथें तें लावावयाचें तेथील अंकाशीं ताडावा, व मगच पैसे मोजावे, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करितों.

— एक सेवानिवृत्त महसूल कारकून